घर ताब्यात आल्यावर (भाग 7) : भिंतीआडची गळती

ताबापत्रावरचा गेल्या आठवड्याचा लेख वाचून पनवेलजवळच्या करंजाड्याहून एका ताईंचा फोन आला. ताबा मिळून दोन वर्षं झालीत आणि मुलाच्या खोलीत, बाथरूमला लागून असलेल्या भिंतीवर ओल चढतेय. साइट ऑफिसात गेल्या, तर उत्तर मिळालं, "मॅडम, एक वर्षाचा मेंटेनन्स संपला, आता तुमचं तुम्ही बघा." दुसऱ्या दिवशी सकाळी प्लंबर टाइल्स फोडायला येणार होता. मी म्हटलं, आधी त्याला थांबवा.

एक वर्षाचा मेंटेनन्स म्हणजे बिल्डरने आगाऊ घेतलेली देखभालीची रक्कम. दोषदुरुस्तीशी तिचा काडीचाही संबंध नाही. 2016 च्या रेरा कायद्याचं कलम 14(3) सांगतं की ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला, दर्जातला किंवा सेवासुविधांमधला दोष लक्षात आणून दिला, तर बिल्डरने तो 30 दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. नाही केला, तर भरपाई. नळजोडणीचं काम यात सरळ बसतं. महाराष्ट्राच्या जुन्या मोफा (फ्लॅट मालकी) कायद्यात हीच मुदत तीन वर्षांची होती. आपला प्रकल्प रेरात नोंदलेला आहे ना, एवढं करारावर पाहून घ्या. रायगडातल्या बऱ्याच प्रकल्पांचा क्रमांक पी 52000 ने सुरू होतो.

आता ओल नेमकी कुठून येते, ते शोधू. इथे घाई करू नका, कारण पुढची सगळी तक्रार यावर उभी राहते. चार दिवस घर बंद असूनही डाग ओलाच राहिला आणि पसरत गेला, तर संशय भिंतीतल्या पाण्याच्या पाइपावर. सीपीव्हीसी या प्लास्टिकच्या पाइपाचे तुकडे सोल्व्हेंट लावून जोडतात. ते सुकायच्या आत पाणी सोडलं किंवा एल्बो अर्धवट बसवला, की वर्ष-दोन वर्षांनी तोच सांधा पाझरायला लागतो. उंच इमारतीत खालच्या मजल्यांना हा त्रास जास्त. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलोचा दाब वाढतो, म्हणजे वीस मजल्यांवरच्या टाकीचा तळमजल्यावर जवळपास सहा किलो. मधे दाब कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल, तर नवे सांधेही तग धरत नाहीत. अंघोळीनंतरच डाग गडद होत असेल, तर नहाणी ट्रॅप किंवा त्याखालचं वॉटरप्रूफिंग तपासा. ट्रॅपमध्ये फडका घट्ट कोंबून बाथरूममध्ये इंचभर पाणी चोवीस तास उभं ठेवायचं आणि भिंतीचे, खालच्या घराच्या छताचे फोटो आधी आणि नंतर काढायचे. फक्त पावसात ओल येत असेल, तर दोष बाहेरच्या भिंतीत किंवा डक्टमध्ये. पनवेलच्या पावसात हे तीन प्रकार एकमेकांत मिसळतात, म्हणून ही तपासणी कोरड्या दिवसांत करावी.

आणि फोडायचं का नाही? अनेक करारांत एक ओळ असते : बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बाथरूम, संडास, स्वयंपाकघरातले पाइप किंवा फिटिंग बदलले, तर दोषाची हमी रद्द. नव्या घरात हौसेने टाइल्स बदलणाऱ्या किती जणांनी ही ओळ वाचलेली असते? शिवाय तुमच्या प्लंबरने सांधा बदलून टाकला, की मूळ दोषाचा पुरावा राडारोड्याबरोबर गेला. पाणी फारच वाहत असेल, तर व्हॉल्व्ह बंद करा, फोटो काढा, पण कापाकापी करू नका.

साइट ऑफिसात तोंडी सांगितलेलं हिशेबात धरू नका. पत्र लिहा. त्यात ताब्याची तारीख, ओल पहिल्यांदा दिसली तो दिवस, फोटो, तपासणीत काय आढळलं आणि कलम 14(3) चा उल्लेख असावा. रजिस्टर पोस्टाने पाठवा, ईमेलही करा. गळती वरच्या घरातून असेल, तर शेजाऱ्याशी भांडण काढू नका. पाच वर्षांच्या आत तोही तुमच्याइतकाच हक्कदार आहे, दोघांनी मिळून लिहा. सामायिक पाइपांसाठी सोसायटीने पत्र द्यावं.

तीस दिवस उलटले, तर महारेराकडे, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे, ऑनलाइन तक्रार करता येते. शुल्क 5,000 रुपये. त्याआधी महारेराच्याच सलोखा मंचाचा मार्ग आहे. तिथे ग्राहक संघटनेचा आणि बिल्डरांच्या संघटनेचा प्रतिनिधी एकत्र बसतात. पाइपासारख्या दुरुस्तीसाठी मला तोच मार्ग आधी करून पाहावासा वाटतो, कारण आपल्याला निकालाच्या कागदापेक्षा कोरडी भिंत लवकर हवी असते.

ताईंनी प्लंबरला नको सांगितलं आणि त्याच संध्याकाळी पत्र लिहिलं. तुम्हीही आज कपाटातून ताबापत्र काढा. त्यावरच्या तारखेत पाच वर्षं मिळवा आणि तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.