रील आधी की रियाज आधी?

माझा एक जुना विद्यार्थी वडशाच्या नाटक मंडळीत ऑर्गन वाजवतो. आपल्या झाडीपट्टीत धान घरात आलं, की दिवाळीपासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम. उरलेले महिने तो गझलांना चाली लावतो, गातो आणि मोबाइलवर टाकतो. मागच्या उन्हाळ्यात त्याची अम्मी माझ्याकडे आली. म्हणाली, "टीचर, पोरगा दिवसभर फोनमध्येच. पेटीवर धूळ बसली आहे."

त्याला विचारलं, तर म्हणाला, "रोज काही टाकलं नाही तर लोक विसरतात, टीचर."

भीती खोटी नव्हती. स्वतःच्या जोरावर गाणाऱ्याला स्वतःची जाहिरातही करावी लागते. कुर्ल्याच्या नावेद शेखने, म्हणजे नेझीने, २०१४ मध्ये 'आफत' हे गाणं आयपॅडवरच रेकॉर्ड केलं आणि त्यावरच व्हिडिओ बनवला. तिथून त्याचं नाव झालं. पण दाखवायला आधी गाणं तयार होतं!

मग आम्ही शाळेच्या वेळापत्रकासारखं एक पान आखलं. महिन्याला एकच गझल, पण पक्की बसवलेली. तिच्यातूनच चार आठवड्यांचं काम निघतं: आधी चाल कशी सुचली ते, मग एका अवघड शब्दाचा अर्थ, मग एक शेर, शेवटी पूर्ण गझल. टाकायचा वार शुक्रवार. रोज सकाळचे दोन तास पेटीचे, तेव्हा फोन अम्मीकडे. हंगामात रात्रीची जागरणं असतात, म्हणून तीन-चार गझला दिवाळीआधीच रेकॉर्ड करून ठेवायच्या.

कलाम कोणाचं, हाही प्रश्न होता. चित्रपटातलं गाणं गायलं, तर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो आणि कमाई मूळ मालकाकडे जाऊ शकते. आपल्या कायद्यात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हा हक्क राहतो. त्याने अठराव्या शतकातले सिराज औरंगाबादी निवडले. शब्द सर्वांचे, चाल त्याची स्वतःची.

आणखी दोन गोष्टी वहीत लिहिल्या. जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि कित्येकांचे जमवलेले चाहते एका रात्रीत गेले. म्हणून मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हमध्ये ठेवायचं आणि आवडीने ऐकणाऱ्यांचे नंबर, त्यांना विचारून, वहीत उतरवायचे. दुसरी गोष्ट पैशाची. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातीतून वाटा मिळायला १००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४००० तास पाहिलं जाणं लागतं. तेव्हा मंडळीचं काम सोडायचं नाही.

पाहणारे अजून फारसे वाढलेले नाहीत. पण परवा त्याच्या अम्मीचा फोन आला, तेव्हा मागे पेटी वाजत होती. तिचं बोलणं संपेपर्यंत तो तीच ओळ पुन्हापुन्हा घोटत होता.

पालकहो, मुलाच्या हातातला फोन हिसकावण्याआधी एकदा वही घेऊन त्याच्याशेजारी बसून पाहा.