दिवा लागतो, पण गाडी सुरू का होत नाही?

मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन दिशांना जाणाऱ्या ‘शकुंतला’ या नॅरोगेज गाडीला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन जोडलेले असे. वाफेचा दाब उभ्या दट्ट्यालाही ढकलू शकतो. त्यामुळे असे इंजिन स्वतःच्या बळावर चालू लागते. मोटारीच्या इंजिनाचे तसे नाही. त्यात आधी दट्ट्या हलावा लागतो, त्याने हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण आत ओढून दाबावे लागते, आणि मगच ठिणगी उपयोगी पडते. म्हणजे पहिले फेरे बाहेरून द्यावे लागतात. पूर्वी ते हँडल मारून देत. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत चार्ल्स केटरिंग यांची विजेवर चालणारी मोटर आली आणि हँडलचे कष्ट संपू लागले. या मोटरीलाच आपले मिस्त्री ‘सेल्फ’ म्हणतात.

आता अशी कल्पना करा, की तुमच्या घरी साठवलेल्या पैशांतून एक जुनी मोटार घेतली आहे. एके सकाळी किल्ली फिरवली, तर ‘टक्’ असा आवाज झाला आणि पुढे सारे शांत! दिवे मात्र लख्ख लागतात. कोणी म्हणते, “बॅटरी गेली.” नवी बॅटरी आणली जाते. ती बसवताना जोड हलतात, म्हणून गाडी दोन दिवस चालते आणि पुन्हा ‘टक्’! पैसे गेले, दोष तसाच राहिला. असे का व्हावे?

ओहमचा नियम गॅरेजमध्ये

उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. विभवांतर म्हणजे विद्युत्प्रवाह गुणिले रोध. समजा, बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरट-हिरवट पूड साचून त्या जोडात ०.०२ ओहम इतका रोध निर्माण झाला. हा रोध अगदी क्षुल्लक वाटेल. पुढचे दोन दिवे मिळून सुमारे १० अँपिअर प्रवाह घेतात. त्या वेळी जोडात ०.२ व्होल्ट खर्च होतात आणि दिव्यांना फरक जाणवतही नाही. सेल्फला मात्र १५० अँपिअर लागतात असे धरा. आता त्याच जोडात ३ व्होल्ट खर्च होऊ पाहतात! १२ व्होल्टमधून इतका वाटा वाटेतच गेल्यावर सेल्फ फिरणार कशी? तेव्हा दिवा लागला, एवढ्यावरून सारा मार्ग ठीक आहे असे ठरत नाही.

दिव्यांकडे पाहा

दिवे लावून ठेवा आणि एखाद्या मोठ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. गाडी न्यूट्रलमध्ये असावी आणि हँडब्रेक ओढलेला असावा. दिवे एकदम मंदावले किंवा विझले, तर दोष दिवे आणि सेल्फ या दोघांच्या सामाईक मार्गात आहे, म्हणजे बॅटरीत किंवा तिच्या जोडांत. दिवे तसेच प्रखर राहिले, तर सेल्फकडे पुरेसा प्रवाह जातच नाही. मग तिची स्वतःची वायर, तिचा स्विच आणि इंजिनाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी अर्थिंगची पट्टी तपासावी. ही पट्टी इंजिनाच्या अंगाशी असल्याने तेल व धूळ यांनी माखते, आणि म्हणूनच ती नजरेतून सुटते.

मोजा, मग बदला

यापुढे व्होल्टमापी हवा. शिसे-आम्ल बॅटरीत सहा घट असतात आणि प्रत्येकाचे सुमारे २.१ व्होल्ट, म्हणून पूर्ण भारित बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना हा आकडा साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी उतरलेली किंवा दुबळी आहे. इंजिन चालू झाल्यावर तो १४च्या आसपास चढला पाहिजे. तसा चढला नाही, तर बॅटरीला भारित करणारा अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा त्याची जोडणी यांत दोष शोधावा. तेथे नवी बॅटरी आणली, तरी तीही उतरेल.

जोड तपासण्याची रीत अधिक मजेची आहे. व्होल्टमापीची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या स्वच्छ धातूला लावा. सेल्फ मारताना काटा अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर दोष त्या मार्गातच आहे. पट्टी काढून काचपेपरने घासली आणि घट्ट आवळली, की काम होते. त्याला खर्च जवळजवळ नाहीच.

ही तपासणी जाणत्या माणसासमवेतच करावी. बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून जवळ ज्वाला किंवा ठिणगी नको. तिच्यातील आम्लाने त्वचा व डोळे भाजतात. अकोला-अमरावतीकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्याही वर जातो. अशा उष्णतेत बॅटरीतील पाणी लवकर उडते, पट्ट्या लवकर झिजतात आणि बॅटरीचे आयुष्य घटते. म्हणून तेथे बॅटरीवर संशय घेणे चूक नाही, मोजल्याशिवाय तिला दोषी ठरवणे चूक आहे.

धूर काय सांगतो?

इंजिनाचीही तपासणी अशीच लक्षणांवरून सुरू होते. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळते आहे. पेट्रोल गाडीचा काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर थंड करणारे पाणी सिलिंडरमध्ये शिरत असण्याची शक्यता आहे. जुनी गाडी घेताना या तीन रंगांकडे अवश्य पाहावे. पण धूर केवळ संशय दाखवतो, निवाडा मोजमापाने करायचा असतो.

निरीक्षण, तर्क आणि चाचणी हीच शास्त्रज्ञाची रीत. चांगला मिस्त्रीही एका वेळी एकच गोष्ट बदलतो आणि काय फरक पडला ते पाहतो. चार भाग एकदम बदलून गाडी सुरू झाली, तर ती कशामुळे झाली हे कोणालाच कळत नाही. बिल मात्र चारही भागांचे भरावे लागते.