कलावंतांचा हिवाळा

चित्रकाराचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें एक ठराविक देखावा उभा राहतो. हिरवेंगार कुरण, निळें आकाश, झाडाच्या सावलींत उभा केलेला चित्रफलक आणि त्यापुढें कुंचला घेऊन बसलेला मनुष्य. हा देखावा खोटा नाहीं. परंतु तो कलावंताच्या वर्षाचा अर्धाच भाग होय. उरलेला अर्धा भाग दारें-खिडक्या लावून घेतलेल्या खोलींत, शेगडीच्या उबेंत, कोणी पाहत नसतां जातो. या दुसऱ्या अर्ध्याविषयीं विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या वडील माणसांस चार शब्द सांगावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडे हिवाळा म्हणजे सुखाचा काळ. पहांटे अंगावर घोंगडी, सकाळीं कोवळें ऊन, शेतांत हुरडा. घराबाहेर पडावें असेच हे दिवस. उत्तर युरोपांतील हिवाळा मात्र निराळा. डिसेंबरच्या अखेरीस लंडन शहरीं सूर्य सकाळीं आठाच्या सुमारास उगवतो आणि दुपारीं चार वाजण्यापूर्वींच मावळतो. म्हणजे सारा दिवस आठ तासांहूनही लहान! मुंबईस वर्षांतील सर्वांत लहान दिवससुद्धां जवळजवळ अकरा तासांचा असतो, हें लक्षांत घेतलें म्हणजे दोहोंतील भेद कळून येईल. त्यांतून आकाश बहुधा अभ्राच्छादित, झाडें निष्पर्ण, बोटें गारठलेलीं, आणि तैलरंग थंडीमुळें लवकर वाळत नाहींत. अशा दिवसांत उघड्यावर बसून चित्र काढणें फार कठीण. म्हणून सृष्टिसौंदर्याचीं चित्रें काढणारे पुष्कळ जुने चित्रकार उन्हाळ्यांत गांवोगांव फिरत, वहींत टिपणें करीत, आणि हिवाळ्यांत घरीं बसून त्यांवरून मोठीं चित्रें रंगवीत. लंडनच्या रॉयल अकॅडमीचें वार्षिक प्रदर्शन मे महिन्याच्या सुमारास भरे. तेव्हां चित्र त्यापूर्वीं पुरें होणें अवश्य असे. बाहेर शेतें ओसाड पडलीं असतां कलावंताच्या घरांत अशी सुगी चाललेली असे.

जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचें उदाहरण घेऊं. त्याचा जन्म १७७६ सालीं सफोक परगण्यांतील ईस्ट बर्गहोल्ट या खेड्यांत झाला. वडील धान्याचे व्यापारी असून स्टूर नदीच्या कांठीं त्यांची पाणचक्की होती. तो नदीकांठ, तेथील झाडें, बांध आणि होड्या यांत कॉन्स्टेबलचें बाळपण गेलें. आणि पुढें लंडनमध्यें बिऱ्हाड केल्यावरही त्याच्या मनांतून तो मुलूख हालला नाहीं.

१८२०-२१ च्या हिवाळ्यांत लंडन येथील आपल्या घरीं तो एका मोठ्या चित्रास लागला. चित्राची रुंदी सुमारें सहा फूट व उंची सुमारें सव्वाचार फूट. विषय कोणता म्हणाल, तर भर उन्हाळ्यांतील दुपार! उथळ पाण्यांत उभी असलेली गाडी, पलीकडे गवताची कापणी चाललेलें कुरण, अलीकडच्या तीरावर एक कुत्रा, आणि वर पांढरे-करडे ढग. बाहेर लंडनचा हिवाळा, आणि आंत पडद्यावर सफोकचें ऊन. घरांत त्या वेळीं दोन लहान मुलें होतीं, व तिसरें त्याच मार्च महिन्यांत जन्मास आलें. तेव्हां निवांत महिने म्हणजे अगदीं निःशब्द महिने असा कोणीं अर्थ करूं नये.

मग हें ऊन त्यानें आणलें कोठून? तें त्याच्या वह्यांत होतें. नदीकांठीं बसून अनेक वर्षें केलेलीं लहान-मोठीं रेखाटनें त्याच्यापाशीं होतीं. त्यांच्या आधारें त्यानें प्रथम पुऱ्या आकाराचें एक कच्चें चित्र रंगविलें आणि मग मुख्य चित्रास हात घातला. परंतु गाडीपाशीं काम अडलें. तिचा सांगाडा नेमका कसा असतो हें डोळ्यांपुढें येईना. दुसरा एखादा अंदाजानें चाकें काढून मोकळा झाला असता. कॉन्स्टेबलनें गांवीं निरोप धाडला; आणि जॉन डनथॉर्न नांवाच्या गांवांतील तरुणानें फेब्रुवारीच्या थंडींत गाडीचीं रेखाटनें करून त्यास पाठविलीं. तें काम त्या पोरास फार गारठ्याचें झालें, असें कॉन्स्टेबलच्या भावानें पत्रांतून कळविलें आहे.

हें चित्र १८२१ सालीं रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें. पण तेथें त्यास गिऱ्हाईक मिळालें नाहीं. तीन वर्षांनीं, १८२४ सालीं, पॅरिसच्या प्रदर्शनांत त्याबद्दल चित्रकारास सुवर्णपदक देण्यांत आलें. ‘द हे वेन’ या नांवानें प्रसिद्ध असलेलें तें चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरींत आहे. तें पाहणाऱ्यास त्यांतील उन्हाळा दिसतो; त्यामागचा हिवाळा दिसत नाहीं.

कॉन्स्टेबलच्या गांठीं अनेक उन्हाळ्यांचा सांठा होता. ज्याच्यापाशीं असा सांठाच नाहीं, त्यानें हिवाळा कसा घालवावा? याचें उत्तर आपणांस हॉलंड देशांत मिळतें.

व्हिन्सेंट व्हॅन गॉग हा १८८३ च्या डिसेंबर महिन्यांत, वयाच्या तिसाव्या वर्षीं, रिकाम्या हातांनीं आईबापांच्या घरीं परत आला. वडील न्यूनेन नांवाच्या खेड्यांत प्रॉटेस्टंट मंडळीचे पाळक होते. एवढा वाढलेला मुलगा, धड नोकरी नाहीं, धंदा नाहीं; बापलेकांचें पटेना. पॅरिस येथें नोकरीस असलेला धाकटा भाऊ थिओ पैसे पाठवी, त्यावर त्याचे रंग येत.

पुढल्या वर्षीं, म्हणजे १८८४-८५ च्या हिवाळ्यांत, व्हिन्सेंटनें एक नेम धरला. गांवांतील गोरगरीब शेतकऱ्यांचे चेहरे रंगवावयाचे. एक संपला कीं दुसरा. टोपी घातलेल्या बायका, सुरकुतलेले म्हातारे, थंडीवाऱ्यानें रापलेलीं गालफडें. अंधाऱ्या झोंपड्यांत मिळेल तेवढ्या उजेडांत तो हें काम करी. अशीं सुमारें चाळीस मुखचित्रें त्यानें केलीं. चेहऱ्यांबरोबर हातांचाही अभ्यास चालूच होता. या चित्रांस बाजारांत किंमत नव्हती, आणि तीं विकण्यासाठीं काढलेलींही नव्हतीं. तो सराव होता.

१८८५ च्या मार्च महिन्याच्या २६ तारखेस वडील एकाएकीं वारले. मुलाच्या हातून कांहीं घडलेलें पाहणें त्यांच्या नशिबीं नव्हतें. त्यानंतर एप्रिल व मे या महिन्यांत व्हिन्सेंटनें ‘बटाटे खाणारे’ हें चित्र पुरें केलें. तेलाच्या एका दिव्याखालीं बसलेलीं घरांतील पांच माणसें. पुढें उकडलेले बटाटे आणि कॉफी. ज्या हातांनीं हे लोक जेवीत आहेत त्याच हातांनीं त्यांनीं जमीन खणली आहे, हें पाहणाऱ्यास पटावें अशी त्याची इच्छा होती. एका चित्रकार मित्रानें या कामावर कडक टीका केली. १८९० सालीं व्हिन्सेंट मरण पावला, तेव्हांही त्यास फार थोडे लोक ओळखीत होते. आज तें चित्र ॲम्स्टरडॅम शहरांत त्याच्याच नांवाच्या संग्रहालयांत आहे, आणि देशोदेशींचे लोक तें पाहावयास जातात. त्या पांच चेहऱ्यांच्या मागें चाळीस चेहरे आहेत.

येथें मला माझीच एक चूक कबूल केली पाहिजे. बऱ्याच वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांत एक मुलगा होता. पावसाळ्याचे दिवस होते. त्याची वही तपासतां मागल्या पानांवर बैलाचे पाय काढलेले दिसले. बैल नव्हे, नुसते पाय, आणि तेही पंचवीस-तीस. मी म्हणालों, “अरे, एकच पाय इतक्या वेळां काढून काय मिळविलेंस? तेवढ्या वेळांत गणितें सोडविलीं असतींस तर?” वर्ग हंसला. त्यानें वही मिटली, आणि पुन्हां माझ्यासमोर तीं पानें कधीं उघडलीं नाहींत. पुढल्या वर्षीं त्याचे आईबाप गांव सोडून गेले. न्यूनेनच्या चाळीस चेहऱ्यांची हकीकत माझ्या वाचनांत आली ती त्यानंतर. तो मुलगा मोठा चित्रकार झाला असता असें माझें म्हणणें नाहीं. परंतु बैलाचा पाय गुडघ्यांत कसा वळतो हें समजेपर्यंत तो थांबणार नव्हता. हीच वृत्ति मुलांच्या अंगीं यावी म्हणून मी रोज वर्गांत घसा कोरडा करीत होतों. आणि ती समोर आली तेव्हां मला ओळखतां आली नाहीं!

आपल्या देशांत घरीं बसविणारा ऋतु बहुधा पावसाळा होय. दक्षिण कोंकणांतील दशावतारी मंडळ्या दिवाळीनंतर गांवोगांवच्या जत्रांतून रात्री जागवितात, आणि पाऊस लागला कीं घरीं येऊन शेतीस लागतात. उलट पेण येथील मूर्तिकारांची आषाढ-श्रावणांत धांदल उडालेली असते. कारण भाद्रपदांत गणपति घरोघरीं जावयाचे असतात. ऋतु निराळा, परंतु नियम तोच. लोकांच्या दृष्टीस पडणारें काम चार दिवसांचें असतें. त्याची तयारी मात्र दाराआड, लोकांच्या दृष्टीबाहेर, महिनोगणती चाललेली असते.

विद्यार्थिमित्रहो, सुटीच्या दिवसांत, किंवा मुसळधार पाऊस लागून खेळ बंद पडला म्हणजे, आतां काय करावें असा प्रश्न तुम्हांस पडतो. तुमच्यापाशीं पाहिलेलें, ऐकलेलें कांहीं सांठविलेलें असेल, तर कॉन्स्टेबलप्रमाणें तें बाहेर काढा व त्यांतून एक काम पुरें करा. आणि जेथें नक्की आठवत नसेल तेथें अंदाजानें भागवूं नका, विचारा. सांठा नसेल, तर एक लहानशी गोष्ट घेऊन ती हातास बसेपर्यंत करीत राहा. मग ती चित्रकला असो, पेटीवरील एखादी गत असो, कीं सुवाच्य अक्षर असो.

आणि वडील मंडळींस एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यांत बसून एकच गोष्ट पुनःपुन्हां करीत असलेली दिसली, तर “वेळ फुकट घालवूं नको” असें म्हणण्यापूर्वीं जवळ जाऊन वहींत एकवार पाहावें. पहिला पाय आणि तिसावा पाय शेजारीं शेजारीं ठेवून पाहावे. दोहोंत कांहीं फरक पडलेला दिसला, तर त्या कोपऱ्यांतील दिवा आणखी थोडा वेळ जळूं द्यावा.