जंत, लस आणि मुलांचे पोषण: गैरसमज आणि वस्तुस्थिती

गोड खाल्ल्याने जंत होतात, हा मुलांच्या आजारांविषयीचा सर्वांत चिवट गैरसमज आहे. गूळ, साखर किंवा चॉकलेट यांतून जंत पोटात जात नाहीत. गोल जंताची अंडी बाधित माणसाच्या विष्ठेतून मातीत पडतात, ओलसर मातीत दोन-तीन आठवड्यांत पक्व होतात आणि मळलेल्या हातांवाटे किंवा न धुतलेल्या भाजीवाटे तोंडात जातात. एक मादी दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालू शकते. अंकुशकृमीची वाट वेगळी आहे. त्याच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून थेट शरीरात शिरतात. खानदेशातील दोंडाईचा परिसरात मिरची वाळवण्याच्या पथारीवर किंवा कापसाच्या वेचणीला गेलेल्या आईबापांसोबत जी लहान मुले असतात, त्यांच्यासाठी धोका खाऊत नाही; तो शौचालयाच्या अभावात आणि अनवाणी पायांत आहे. खानदेशच्या उन्हाळ्यात तापून कोरडी झालेली माती या अळ्यांना सोसत नाही, पावसाळ्यातली ओल मात्र मानवते.

रात्री दात खाणे किंवा चेहऱ्यावर पांढुरके डाग येणे ही जंतांची खूण मानली जाते. या दोन्हींची कारणे बहुधा वेगळीच असतात. सौम्य बाधेत तर मुलाला काहीच जाणवत नाही. म्हणूनच राष्ट्रीय जंतनाशक मोहिमेत विष्ठेची तपासणी न करता १ ते १९ वर्षांच्या सर्वांना अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते.

पोषणाबद्दल दोन टोकांचे समज आहेत. जंत हे पोषणाच्या दृष्टीने किरकोळ दुखणे आहे, हे पहिले टोक. प्रत्यक्षात अंकुशकृमी आतड्याला चिकटून रक्त शोषतो. त्याच्या एका जातीचा एक जंत दिवसाला सुमारे ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. पोटात असे शेकडो जंत असतील, तर आहारातून मिळणारे लोह ती तूट भरून काढू शकत नाही. गोल जंतांमुळे भूक मंदावते आणि अ जीवनसत्त्वाचे शोषण घटते. दुसरे टोक म्हणजे, गोळी दिली की कुपोषण संपले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची वाढ खुंटलेली होती आणि ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय होता. एवढ्या मोठ्या प्रश्नाचे खापर एकट्या जंतांवर फोडता येत नाही. उत्तर प्रदेशात सुमारे दहा लाख मुलांवर झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दर सहा महिन्यांनी अल्बेंडाझोल देऊनही बालमृत्यूंत किंवा वजनात लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणून गोळी निरुपयोगी ठरत नाही. जंतांचा भार जास्त असलेल्या मुलाला तिचा लाभ होतोच. मात्र डाळ, अंडी, दूध आणि पालेभाजीची जागा ती घेत नाही.

लसीच्या बाबतीत गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. वर्षानुवर्षे आतड्यात टिकून राहण्यासाठी जंत माणसाची प्रतिकारयंत्रणा मवाळ करतात. तीच मवाळ यंत्रणा लसीलाही कमी प्रतिसाद देऊ शकते. इक्वेडोरमध्ये गोल जंत असलेल्या मुलांना तोंडावाटे कॉलऱ्याची लस देण्यापूर्वी अल्बेंडाझोल दिले, तेव्हा त्यांचा प्रतिसाद सुधारल्याचे २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. युगांडातील मोठ्या चाचणीत मात्र गरोदर मातांना जंतनाशक दिल्याने त्यांच्या बाळांचा लसींना मिळणारा प्रतिसाद सुधारला नाही. पोलिओचे थेंब भारतातील काही भागांत कमी परिणामकारक ठरत होते, त्यामागेही आतड्याचे वारंवार होणारे संसर्ग हे एक संशयित कारण होते. पण वेल्लोर येथे बाळांना प्रतिजैविक देऊनही थेंबांना मिळणारा प्रतिसाद वाढला नाही. म्हणजे जंतांचा परिणाम खरा असला, तरी तो सर्व लसींवर सारखा नसतो. जंत असले की लस वाया जाते, हे म्हणणे चुकीचे आहे.

सर्वांत घातक गैरसमज असा, की आधी जंत काढावेत आणि मगच लस द्यावी. बीसीजी जन्मतः, पेंटाव्हॅलंट व रोटाव्हायरस लसी ६, १० आणि १४ आठवड्यांना, तर गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ महिने पूर्ण झाल्यावर देतात. यांतले बहुतेक डोस बाळ रांगू लागण्याआधीचे, म्हणजे मातीतल्या जंतांची गाठ पडण्याआधीचे आहेत. त्यांच्यासाठी जंतनाशकाची वाट पाहण्यात अर्थच नाही. कुपोषित मुलाची लसही पुढे ढकलू नये. गोवर अशाच मुलांवर अधिक क्रूरपणे उलटतो.

गोळी एकदा घेतली की जंत कायमचे जातात, असेही नाही. ती आतड्यातले जंत मारते, अंगणातली अंडी नाही. त्यामुळे २०१५ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय जंतनाशक मोहीम पुन्हा पुन्हा राबवावी लागते. फेब्रुवारी आणि ऑगस्ट हे तिचे महिने. एक ते दोन वर्षांच्या बाळाला ४०० मिलिग्रॅमची अर्धी गोळी चुरून, पाण्यात मिसळून देतात. मोठ्या मुलांनी ती चावून खायची असते. जंत जास्त असतील तर गोळीनंतर थोडी मळमळ किंवा पोटदुखी होते आणि ती बहुधा आपोआप थांबते. मूल त्या दिवशी आजारी असेल, तर बरे झाल्यावर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंकडून राहिलेली गोळी मागून घ्यावी.