भार जातो कुठे?

लेखमाला : गाडी रस्ता धरते कशी – भाग ७

गेल्या आठवड्यात आपण पुढच्या चाकांचं सस्पेन्शन पाहिलं. बहुतेक गाड्यांत पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप मुळातच एकात एक बसवलेले. तिथे कॉइलओव्हर, म्हणजे उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच, लावला तरी गाडीचा भार जुन्याच वाटेने बॉडीत जातो. मागे तसं असेलच असं नाही, आणि पैसे खर्चून गाडी बिघडवून घेणारे बरेचजण नेमके इथेच फसतात.

उदाहरणाला एकच गाडी घेऊ : बीएमडब्ल्यूची ई४६ पिढीतली एम३. ती २००० ते २००६ या काळात बनली. ३२४६ सीसीचं, एका ओळीत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, ३४३ अश्वशक्ती, वजन सुमारे १५७० किलो आणि सगळी ताकद मागच्या चाकांना. ट्रॅकवर पळवायला ही गाडी आजही हौसेने विकत घेतली जाते. तिची मागची बाजू जितकी कौतुकाची, तितकीच काळजीची आहे.

स्प्रिंग एकीकडे, शॉकअप दुसरीकडे

या गाडीत मागच्या प्रत्येक चाकाला एक लांब ट्रेलिंग आर्म आहे. त्याचं पुढचं टोक मोठ्या रबरी बुशमधून बॉडीला जोडलेलं असतं. शिवाय दोन आडवे आर्म सबफ्रेमपासून, म्हणजे बॉडीखाली बोल्टने धरलेल्या चौकटीपासून, चाकाकडे जातात. कंपनीने स्प्रिंग आडव्या आर्मवर, चाकापासून बरीच आत बसवली आहे. शॉकअप मात्र चाकाच्या जवळ, ट्रेलिंग आर्मवर उभा आहे. स्प्रिंगचं वरचं टोक बॉडीखालच्या जाड भागात टेकतं. शॉकअपचं वरचं टोक चाकाच्या कमानीतल्या पत्र्याच्या टॉवरला दोन बोल्टांनी धरलेलं असतं.

स्प्रिंग आत असल्याने चाक जितकं हलतं तितकी ती दबत नाही. समजा चाक १० मिलिमीटर वर गेलं आणि स्प्रिंग ६ मिलिमीटरच दबली, तर गुणोत्तर ०.६. पण चाकाला जाणवणारा कडकपणा ०.६ पट नव्हे, त्याच्या वर्गाइतका, म्हणजे ०.३६ पटच उरतो. कारण घट दोनदा होते : एकदा स्प्रिंग कमी दबते म्हणून, आणि दुसऱ्यांदा तिचा जोर तरफेतून चाकापर्यंत पोचताना. त्यामुळे आत बसवलेली १०० न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग चाकापाशी ३६ चीच भरते. तीच स्प्रिंग शॉकअपभोवती आणली आणि तिथलं गुणोत्तर ०.९ धरलं, तर वर्ग ०.८१ येतो, आणि तेवढाच कडकपणा मिळवायला ४५ ची स्प्रिंग पुरते. हे आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. खऱ्या गाडीवर ते मोजूनच घ्यायचे.

म्हणून मागच्या कॉइलओव्हरचे दोन प्रकार बाजारात दिसतात. पहिल्यात स्प्रिंग आपल्या मूळ जागीच राहते, फक्त तिच्याखाली उंची कमी-जास्त करायचा आट्यांचा तुकडा येतो. दुसऱ्यात स्प्रिंग खरोखरच शॉकअपवर चढते. स्प्रिंग हलकी लागते, उंची आणि चाकांवरचं वजन सहज जुळवता येतं, सस्पेन्शनची प्रतिक्रिया नेमकी होते. रेसिंगवाल्यांचा ओढा या दुसऱ्या प्रकाराकडे असतो.

टॉवरची परीक्षा

आता या दुसऱ्या प्रकाराची किंमत पाहू. एम३ चं वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं वाटलेलं आहे. मागच्या एका बाजूला साधारण ३९० किलो येतात. चाक, ब्रेक वगैरे वगळले तर स्प्रिंगला पेलायचे राहतात ३५० च्या आसपास. कंपनीच्या मांडणीत शॉकअपच्या टॉवरवर हे वजन कधीच नव्हतं. तिथे फक्त शॉकअपचा विरोध आणि खड्ड्यात बंपस्टॉपवर बसणारा दणका यायचा. स्प्रिंग तिथे आणली की ०.९ च्या हिशेबाने गाडी नुसती उभी असतानाही जवळजवळ ३९० किलोंचा दाब त्या पत्र्यावर कायमचा येतो. टोपी अडकवायच्या खुंटीला धान्याचं पोतं टांगावं, तसला प्रकार.

म्हणून खरा कॉइलओव्हर घेणाऱ्याने आधी टॉवरला बळकटी द्यायला हवी. वरून बसवायची पोलादी प्लेट दाब जास्त पत्र्यावर पसरवते. ट्रॅकच्या गाडीत टॉवर पूर्ण वेल्ड करून घेतात. मूळ रबरी टॉप माउंटही या भारासाठी बनलेलं नसतं, त्यामुळे तेही बदलावं लागतं. हे काही करायचं नसेल, तर पहिला प्रकार निवडणं अधिक शहाणपणाचं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला त्याने फारसं काही कमी पडत नाही.

पत्रा कुठे फाटतो

ई४६ चं खरं दुखणं मात्र आणखी खाली आहे. मागची सबफ्रेम चार ठिकाणी बॉडीच्या पत्र्याला बोल्टने धरलेली असते, आणि डिफरन्शियल त्याच सबफ्रेमवर. ॲक्सिलरेटर दाबला की डिफरन्शियल एका दिशेला पिळवटतं, सोडला की उलट दिशेला. हा पीळ सबफ्रेमच्या माउंटिंगमधून पत्र्याला वर-खाली ओढत राहतो. हजारो वेळा हे झालं की पत्रा थकतो आणि स्पॉट वेल्डच्या कडेने बारीक भेग पडते. ती वाढली की गाडी वळणावर मागून अनपेक्षित वळल्यासारखी वाटू लागते, क्लच सोडताना खालून ‘टक्’ आवाज येतो.

कडक स्प्रिंग, रुंद टायर आणि कडक बुश यांनी हाच ताण वाढतो, कारण मधल्या रबराने पचवलेला दणका आता सरळ पत्र्यापर्यंत पोचतो. म्हणून सस्पेन्शनचं काम काढण्याआधी सबफ्रेम उतरवून तपासणी करावी. भेग असेल तर तिच्या टोकाला भोक पाडून तिची वाढ थांबवतात, भेग वेल्ड करतात आणि वरून पोलादी प्लेटा बसवतात. शेवटी प्रायमर आणि आतल्या पोकळीत गंजरोधक मेण. हे शेवटचं काम टाळलं तर पावसाळ्यात गंज वेल्डच्याच कडेने सुरू होतो.

दांडी कुठे लावायची

डिकीत दोन टॉवर जोडणारी चमकदार दांडी लावली की गाडी ‘घट्ट’ झाली, असा समज आहे. ही दांडी दोन टॉवरमधलं अंतर राखते, तेवढंच तिचं काम. बॉडी पिळवटते तेव्हा एक बाजू वर आणि दुसरी खाली जाते. त्या हालचालीला एकटी आडवी दांडी फारशी अडवू शकत नाही. त्यासाठी त्रिकोण लागतो. टॉवरपासून सबफ्रेमच्या माउंटिंगच्या वरच्या बाजूपर्यंत तिरकी दांडी गेली, की दोन्ही कमजोर जागा एकमेकींना आधार देतात आणि भार अनेक वाटांनी वाटला जातो. दांडीच्या टोकांना खेळ असलेले सांधे असतील किंवा पातळ पत्र्यावर एकच बोल्ट असेल, तर ती दांडी शोभेचीच. आणि कुठलीही दांडी फाटलेला पत्रा जोडत नाही.

बॉडी ताठ करण्याचा फायदा खरा आहे. बॉडी स्वतःच स्प्रिंगसारखी लवत असेल, तर तिच्या लवण्यावर शॉकअपचा काही ताबा नसतो. ती ताठ झाली की शॉकअपच्या सेटिंगमधला छोटा बदलही चालवणाऱ्याच्या हाताला कळतो.

कामाचा क्रम

आधी तपासणी आणि वेल्डिंग, मग बुश, मग कॉइलओव्हर, मग दांड्या, शेवटी अलाइनमेंट. रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर, नेहमीच्या उंचीवर असतानाच पक्के करावेत. लिफ्टवर लटकलेल्या आर्मवर आवळले तर खाली उतरताच रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. गाडी खाली घेतली की मागच्या चाकांचा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे वरून आत झुकणं, वाढतो आणि टायर आतून झिजतो. त्याला ॲडजस्टेबल आर्म लागतो. टो, म्हणजे वरून पाहता चाकाची आत-बाहेर वळलेली दिशा, ट्रेलिंग आर्मच्या पुढच्या ब्रॅकेटवरून जुळवतात.

मागची बाजू फार कडक करण्याचा मोह आवरा. वळणावर मागच्या दोन टायरांमध्ये भाराची तफावत जितकी वाढेल, तितकी मागची पकड घटते. ३४३ अश्वशक्तीच्या गाडीत ती घट ॲक्सिलरेटर देताक्षणी जाणवते.

कायद्याचंही भान हवं. जर्मनीत मान्यताप्राप्त तपासणी आणि कागदपत्रांशिवाय असे बदल केले तर गाडीचा रस्त्यावर चालण्याचा परवानाच संपुष्टात येऊ शकतो. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये त्याचा कठोर अर्थ लावला आहे. ट्रॅकसाठी केलेली गाडी ट्रॅकवरच पळवावी.

पुढच्या भागात : शॉकअपवरची ती गोल घुंडी. तिचे ‘क्लिक’ नेमके काय बदलतात आणि दाबाचं व उसळीचं सेटिंग वेगवेगळं का लागतं?