सशाच्या डोळ्यातली खिडकी

आल्ब्रेख्त ड्यूररने १५०२ साली रंगवलेला ससा व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, पण तिथे गेलात तरी तो भेटेलच असं नाही. जेमतेम २५ सेंटिमीटर उंचीचा कागद. त्यावर कानांवरची लव, मिशांचा केस न् केस आणि डोळ्यात पडलेलं खिडकीच्या चौकटीचं इवलंसं प्रतिबिंब. उजेडाने जलरंग विटतात आणि विटलेला रंग परत येत नाही. म्हणून मूळ चित्र क्वचितच बाहेर काढतात आणि थोड्या दिवसांत पुन्हा अंधारात ठेवतात.

अल्बर्टिनाचा संग्रह मुळात साक्से-टेशेनचा ड्यूक आल्बर्ट याचा. हा ऑस्ट्रियाची राज्यकर्ती मारिया तेरेसा हिचा जावई. १७७६ मध्ये काउंट दुरात्सोने व्हेनिसमध्ये त्याच्या हाती मुद्राचित्रांचा मोठा साठा दिला, तिथून ही उभारणी सुरू झाली. १७९२ मध्ये फ्रेंच सैन्यापुढे आल्बर्टला ब्रुसेल्स सोडावं लागलं. तेव्हा संग्रहाचा काही भाग घेऊन निघालेलं जहाज वादळात बुडालं. त्या कागदांची आज कुठे छबीही नाही, आणि मला हे फार लागतं. पुढे २००९ च्या जूनमध्ये मुसळधार पावसाचं पाणी अल्बर्टिनाच्या भूमिगत कोठारात झिरपलं आणि लाखो कागद घाईने हलवावे लागले. दहा लाखांवर मुद्राचित्रं सांभाळणाऱ्या घराला डिजिटल प्रत ही चैन नव्हे.

आता ससा घरबसल्या पडद्यावर मोठा करून बघता येतो. छायाचित्र काढतानाही कागदावर उजेड पडतोच, पण तो एकदाच. नंतर प्रत्येक अभ्यासकासाठी पेटी उघडावी लागत नाही.

मात्र छायाचित्र काढण्याचं हे काम नुसतं यंत्राचं नाही. कॅमेरा वरून सरळ, दोन्ही बाजूंनी सारखा प्रकाश, शेजारी रंगपट्टी, एवढ्यावर रेषा आणि रंग नेमके येतात. पण संग्रहातल्या कागदांवरचा आल्बर्टचा मालकीचा शिक्का बिनशाईचा, नुसता दाबून उठवलेला. सारख्या प्रकाशात तो पार सपाट दिसतो. पाहणाऱ्याला तो तिथे असल्याचं ठाऊक हवं. मग एकच दिवा खाली, कागदाच्या पातळीला आणून कडेने तिरपा धरायचा. बारीकशी सावली पडते आणि कोपऱ्यात ‘ए’ आणि ‘एस’ ही दोन अक्षरं वर येतात.