लिनक्सचीं पॅकेजें आणि त्यांचे पालक

चाकणच्या एखाद्या मोटार-कारखान्यांत जोडणीच्या साखळीवरून उतरणारी गाडी पाहिली म्हणजे ती त्या कारखान्यानेंच आरंभापासून शेवटपर्यंत घडविली आहे, असा पाहणाऱ्याचा समज होतो. वस्तुस्थिति निराळी असते. गाडींतील हजारों भागांपैकीं बहुतेक बाहेरून आलेले असतात; कांहीं भोसरीच्या औद्योगिक वसाहतींतील पांचदहा माणसांच्या शेडमध्यें घडलेले, तर कांहीं समुद्रापलीकडून आणलेले. कारखान्याचें खरें कसब आलेला प्रत्येक भाग पारखून घेण्यांत, तो दुसऱ्याशीं जुळतो कीं नाहीं हें पाहण्यांत आणि ठरल्या दिवशीं निर्दोष गाडी फाटकाबाहेर काढण्यांत असतें. एखादा क्षुल्लक भाग न मिळाला तर सारें अडून बसतें. २०२१ सालीं नखाएवढ्या इलेक्ट्रॉनिक चिपांचा जगभर तुटवडा पडला, तेव्हां मोठमोठ्या मोटार-कंपन्यांना उत्पादन कमी करावें लागलें, हें पिंपरी-चिंचवडच्या रहिवाशांस सांगावयास नको.

संगणकाच्या जगांत असाच एक जोडणीचा कारखाना आहे. फरक इतकाच कीं, त्याला भिंती नाहींत, भोंगा नाहीं, आणि तेथें राबणाऱ्या पुष्कळशा माणसांस पगारहि नाहीं. ह्या कारखान्यास लिनक्सचें ‘वितरण’ म्हणतात.

लिनक्स हें नांव अनेकांनीं ऐकलेलें असतें, परंतु तें नेमकें कशाचें याविषयीं घोटाळा असतो. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लायनस टोरवाल्ड्स नांवाच्या विद्यार्थ्यानें संगणकाचें यंत्र चालविणारी एक मूळ आज्ञावली लिहून ती सर्वांस खुली केली. लिनक्स हें खरें पाहतां ह्या गाभ्याचें नांव. आज घरोघरच्या अँड्रॉइड फोनांत हाच गाभा आहे. पण नुसत्या गाभ्यावर गृहस्थाला पत्र लिहितां येत नाहीं कीं हिशेब मांडतां येत नाहीं. नुसत्या एंजिनावर बसून कोणी पुण्याहून मुंबईस जात नाहीं, तसेंच हें. पडद्यावर अक्षरें उमटविणाऱ्या, छापयंत्राशीं बोलणाऱ्या, चित्रें दाखविणाऱ्या, मोठ्या फायली दाबून लहान करणाऱ्या अशा हजारों आज्ञावल्या लागतात, आणि त्या निरनिराळ्या देशांतील, एकमेकांस कधींहि न भेटलेल्या लोकांनीं लिहिलेल्या असतात. त्या गोळा करून, पारखून, एकमेकींशीं जुळवून लोकांच्या हातीं देणें हें वितरणाचें काम. १९९३ सालीं सुरू झालेलें डेबियन हें अशा वितरणांपैकीं जुनें व स्वयंसेवकांच्याच बळावर उभें राहिलेलें. २००३ सालीं निघालेल्या ‘फेडोरा’ ह्या वितरणाचा मात्र पुण्याशीं विशेष संबंध आहे.

फेडोराचा उपक्रम अमेरिकेच्या रेड हॅट ह्या कंपनीनें सुरू केला. आरंभीं ह्या घराचे दोन सोपे होते. आंतल्या सोप्यांत मुख्य आज्ञावल्या असत व त्यांस कंपनीच्या नोकरांखेरीज कोणी हात लावीत नसे. बाहेरच्या सोप्यांत स्वयंसेवक आपापलीं जादा पॅकेजें सांभाळीत. मे २००७ मध्यें सातवी आवृत्ति निघाली तेव्हां मधली भिंत काढून टाकण्यांत आली, आणि मुख्य पॅकेजांचीं दारेंहि बाहेरच्या माणसांस उघडलीं. रेड हॅटचें पुण्यांत मोठें कार्यालय असल्यामुळें येथील अनेक तरुण ह्या कामांत शिरले. त्यांत कंपनीचे पगारी लोक आहेत, दिवसा दुसरीकडे नोकरी करून रात्रीं हें काम करणारे आहेत, आणि कॉलेजांतले विद्यार्थीहि आहेत. शिस्तीचे नियम मात्र सर्वांना सारखेच लागू होतात.

आतां ‘पॅकेज’ म्हणजे काय तें पाहूं. एक आज्ञावली, ती कोणी लिहिली व कोणत्या अटींवर दिली याची नोंद, ती चालण्यास आणखी कोणत्या आज्ञावल्या लागतात त्यांची यादी, आणि ती यंत्रावर कोठें ठेवावी याच्या सूचना, एवढें सर्व एकत्र बांधलेलें बोचकें म्हणजे पॅकेज. फेडोरांत अशीं वीस हजारांहून अधिक आहेत. प्रत्येकास निदान एक तरी सांभाळणारा लागतो. त्यास पालक म्हणणेंच योग्य, कारण त्याचें काम एकदां बांधून संपत नाहीं. मूळ लेखकानें सुधारलेली आवृत्ति काढली कीं ती आणून नव्यानें बांधावी. ती आल्यामुळें दुसऱ्या कोणाचें बिघडलें तर त्याच्याशीं बोलावें. लोकांच्या तक्रारी वाचाव्या, दोष आपला कीं मूळ लेखकाचा हें शोधावें, आणि लेखकाचा असल्यास त्यास सभ्यपणें कळवावें. ह्या शेवटल्या कामांत पुष्कळांची कसोटी लागते.

पालकानें मूळ आज्ञावलींत स्वतः दुरुस्ती करावी काय, हा नाजूक प्रश्न आहे. डेबियनमध्यें २००६ सालीं एका पालकानें गुप्तलेखनाच्या आज्ञावलींतील एक तक्रार मिटविण्याकरितां थोडासा मजकूर गाळला. हेतु निर्मळ होता; परंतु त्या ओळींबरोबर किल्ल्या तयार करतांना लागणारी यदृच्छाहि गेली. मे २००८ मध्यें हें उघडकीस आलें तेव्हां असें दिसलें कीं, अब्जावधि निराळ्या किल्ल्या निघावयाच्या तेथें एका जातीच्या अवघ्या ३२,७६८ किल्ल्याच निघत होत्या, आणि चोरास त्या एकामागून एक लावून पाहणें सहज शक्य होतें. जगभरच्या असंख्य यंत्रांवरील किल्ल्या नव्यानें कराव्या लागल्या. तेव्हांपासून मूळ लेखकास विचारल्यावांचून अशा ठिकाणीं हात घालूं नये, हा धडा सर्वच वितरणांतील जाणत्या पालकांनीं गिरविला आहे.

म्हणूनच येथें प्रवेश सोपा नाहीं. नव्या पालकाला फेडोरांत कोणी जुना जाणता पुरस्कर्ता लागतो. त्यानें बांधलेलें पहिलें पॅकेज दुसरा पालक ओळ न् ओळ तपासतो. परवाना मुक्त आहे ना, मूळ मजकूर पूर्ण दिला आहे ना, कोठें तयार, न उकलतां येणारा तुकडा चोरून घातलेला नाहीं ना, अशी ही झडती असते. पुढें पालकानें आपल्या घरच्या संगणकावर बांधून आणलेलें बोचकें स्वीकारलेंच जात नाहीं. त्यानें मूळ मजकूर व कृति द्यावी. बांधणी फेडोराच्याच यंत्रांवर होते, म्हणजे आंत काय गेलें याची नोंद राहते. बांधलेली सुधारणा प्रथम परीक्षेच्या कक्षेंत ठेवतात. कोणीहि ती वापरून अनुकूल अथवा प्रतिकूल मत देऊं शकतो. पुरेशीं अनुकूल मतें पडलीं, किंवा साधारणतः सात दिवस निर्वेध गेले, तरच ती सर्वांकडे जाते.

हें मत देणें किती मोलाचें आहे हें मराठी वाचकास त्याच्याच लिपीवरून पटावें. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. दोहोंत फरक फक्त र काराच्या आकाराचा, पण अर्थ उलथापालथ करणारा. अक्षरमुद्रा दाखविणाऱ्या एखाद्या पॅकेजांत सुधारणा करतांना हा भेद बुडाला, तर तो बर्लिनच्या किंवा बोस्टनच्या तज्ज्ञास दिसणार नाहीं. त्याच्या दृष्टीनें दोन्हीं ठिकाणीं अक्षर उमटलें, काम झालें. तें अक्षर चुकलें असें सांगावयास मराठी वाचणारा माणूसच हवा, आणि तो सुधारणा बाहेर पडण्यापूर्वी हवा. भारतीय लिप्यांच्या ‘लोहित’ ह्या मुक्त अक्षरमुद्रा रेड हॅटनें खुल्या केल्या. त्यांची मूळ आंखणी पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेक ह्या संस्थेनें केली होती. लोहित म्हणजे तांबडा. कंपनीच्या तांबड्या टोपीवरून कोणीतरी रसिकतेनें हें संस्कृत नांव योजिलें असावें. २०११ सालीं त्यांचा परवाना अधिक सैल करण्यांत आला, आणि त्या इतर वितरणांतहि गेल्या.

पुण्यांतील ह्या मंडळींचीं संमेलनेंहि झालीं आहेत. मॉडेल कॉलनींतील सिंबायोसिसच्या संगणक-संस्थेंत भरणाऱ्या ‘ग्नूनिफाय’ मेळाव्यांत अनेक विद्यार्थ्यांस ह्या विषयाचा पहिला परिचय झाला. नोव्हेंबर २०११ मध्यें शिवाजीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत, आणि जून २०१५ मध्यें कोथरूडच्या एमआयटी कॉलेजांत, फेडोराच्या वापरकर्त्यांची व रचनाकारांची परिषद तीन तीन दिवस भरली. जीं माणसें वर्षानुवर्षें केवळ टोपणनांवानें एकमेकांस ओळखत होतीं, तीं तेथें समोरासमोर आलीं. पत्रव्यवहारांत झालेले कित्येक रुसवे एका चहाच्या पेल्यावर मिटतात, हा संस्थाजीवनाचा अनुभव येथेंहि खरा ठरतो.

आतां आवृत्ति बाहेर काढण्याचें काम. फेडोराची नवी आवृत्ति वर्षांतून दोनदां, सामान्यतः एप्रिल आणि ऑक्टोबर ह्या महिन्यांच्या सुमारास, निघते, व प्रत्येक आवृत्तीस सुमारें तेरा महिने दुरुस्त्या मिळत राहतात. नवें सारें आधीं ‘रॉहाइड’ नांवाच्या कच्च्या मालाच्या कोठारांत येतें. ठराविक दिवशीं त्यापासून आवृत्तीची फांदी फोडतात. मग परीक्षेची आवृत्ति, आणि शेवटीं गोठण : गोठण लागल्यावर एखादा मान्य झालेला गंभीर दोष दुरुस्त करण्याखेरीज कोणाचेंहि पॅकेज आंत घेत नाहींत. आपली नवी आवृत्ति दोन दिवस उशीरा पोहोंचली म्हणून हळहळणारा पालक प्रत्येक वेळीं कोणीतरी असतोच. अखेरीस एक बैठक होते. परीक्षकांचे, बांधणीवाल्यांचे आणि तांत्रिक समितीचे प्रतिनिधि ‘जाऊं द्या’ कीं ‘थांबवा’ एवढाच निर्णय देतात. आधींच लिहून ठेवलेल्या कसोट्यांत बसणारा एक जरी दोष शिल्लक असला, तरी आवृत्ति थांबते. अठरावी आवृत्ति, यंत्रावर वितरण बसविणारी आज्ञावली नव्यानें लिहावी लागल्यामुळें, दोन महिन्यांहून अधिक मागें पडून १५ जानेवारी २०१३ रोजीं निघाली.

थांबण्याचा ह्याहून बोलका दाखला सदतिसाव्या आवृत्तीचा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्यें ती तयार होत आली असतां गुप्तलेखनाच्या ओपनएसएसएल ह्या आज्ञावलीच्या लेखकांनीं जाहीर केलें कीं, तींत अतिगंभीर दोष सांपडला आहे, दुरुस्ती १ नोव्हेंबरला मिळेल, तोंपर्यंत तपशील गुप्त राहील. दोष कोणता हें ठाऊक नाहीं, आणि आवृत्ति एकदां बाहेर पडली कीं तिच्या प्रती परत बोलावतां येत नाहींत. फेडोराच्या मंडळींनीं थांबावयाचें ठरविलें. दुरुस्ती आली तेव्हां दोषाची प्रत ‘अतिगंभीर’ वरून ‘गंभीर’ अशी उतरविण्यांत आली, आणि आवृत्ति १५ नोव्हेंबर २०२२ रोजीं निघाली. थांबणें व्यर्थ गेलें, असा हिशेब कोणी केला तर तो चुकीचा आहे. दोषाचें वजन आधीं कोणासच ठाऊक नव्हतें. कारखान्याचा व्यवस्थापक अशा वेळीं गिऱ्हाइकाशीं झालेल्या करारांत बांधलेला असतो. येथें करार नव्हता, म्हणूनच थांबतां आलें.

पण करार नसण्याची दुसरी बाजूहि आहे, आणि ती मार्च २०२४ मध्यें सर्वांस दिसली. एक्सझेड नांवाची फायली दाबून लहान करणारी आज्ञावली जवळजवळ प्रत्येक लिनक्स वितरणांत असते. ती वर्षानुवर्षें मुख्यतः एकच माणूस विनावेतन सांभाळीत होता. तो थकला होता, आणि काम उशीरां होतें म्हणून कांहीं लोक त्यास टोंचीत होते. २०२१ च्या सुमारास एक अनोळखी मदतनीस आला. त्यानें दोन वर्षें नीट, उपयोगी काम केलें, विश्वास संपादला, आणि हळूहळू आवृत्ति काढण्याचा अधिकार त्याच्या हातीं आला. फेब्रुवारी २०२४ मध्यें त्यानें काढलेल्या आवृत्तींत दुसऱ्याच्या संगणकांत शिरण्याची चोरवाट दडविलेली होती. लबाडी अशी कीं, ती वाट उघडणारा तुकडा सर्वांस दिसणाऱ्या मूळ मजकुरांत नव्हता, वितरणांकडे पाठविलेल्या बांधीव गठ्ठ्यांतच तेवढा होता. ही नवी आवृत्ति लौकर घ्या असा लकडा त्यानें फेडोराच्या पालकाच्याहि मागें लावला होता, आणि ती चाळिसाव्या आवृत्तीच्या परीक्षेच्या प्रतींत पोहोंचलीहि.

ती चोरवाट सांपडली ती पहाऱ्यावर नेमलेल्या कोणास नव्हे. अँड्रेस फ्रॉइंड हा दत्तसंचयाच्या आज्ञावलीवर काम करणारा अभियंता स्वतःच्या कामाच्या वेळा मोजीत होता. यंत्रांत प्रवेश करावयास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो आहे, हें त्याच्या ध्यानांत आलें. तो त्या अर्ध्या सेकंदाच्या मागें लागला आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यानें सारा प्रकार जाहीर केला. वितरणांनीं ती आवृत्ति तत्काळ मागें घेतली, आणि फेडोराची चाळिसावी आवृत्ति जुन्या, निर्दोष एक्सझेडसह २३ एप्रिलला निघाली. ज्याच्या नांवावर ही लबाडी झाली, तो माणूस कोण हें आजवर कळलेलें नाहीं.

झडती, पुरस्कर्ता, बांधणीचीं यंत्रें, मतांची पेटी, हीं सर्व साधनें येथें जागच्या जागीं होतीं. उणीव होती ती पालकाच्या पाठीशीं उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या प्रामाणिक माणसाची. शत्रूनें मर्म ओळखलें तें हेंच : भक्कम कुलूप फोडण्यापेक्षां थकलेल्या पहारेकऱ्यास मदत देऊं करणें सोपें.

अशा थकव्याची नोंद फेडोराच्या दप्तरांत उघडपणें ठेवलेली असते. एखाद्या पालकाची नोकरी बदलते, घरीं मूल होतें, प्रकृति बिघडते, किंवा केवळ मन उडतें, आणि तो आपलें पॅकेज सोडून देतो. अशा पॅकेजास ‘अनाथ’ असा शब्द आहे. अनाथांची यादी वेळोवेळीं निघते. त्या प्रत्येकापुढें त्याच्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांचीं आणि त्यांच्या पालकांचीं नांवें असतात, म्हणजे आपल्या पायाखालची कोणती वीट हलते आहे हें ज्याचें त्यास कळावें. कधीं एखादें दुर्लक्षित, नांवहि न ऐकलेलें पॅकेज असतें, आणि त्याच्या आधारावर शंभर दुसरीं उभीं असतात. हिंजवडीचा कोणी अभियंता किंवा आकुर्डीचा कोणी विद्यार्थी, रीतसर पालक झालेला असल्यास, त्या यादींतलें एखादें नांव उचलून आपल्या नांवावर करूं शकतो. त्यासाठीं कोणाची शिफारस लागत नाहीं. सहा आठवडे कोणीच पुढें आलें नाहीं, तर तें पॅकेज वितरणांतून काढून टाकतात. त्यानंतर आठ आठवड्यांहून अधिक काळ लोटला आणि मग कोणास त्याची आठवण झाली, तर पहिल्या दिवसाप्रमाणें सारी झडती पुन्हां द्यावी लागते.